वरुणाचं झाड, तापीचा मुलूख

होळी होऊन पंधरवडा उलटलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले तोवर ठणठणीत कोरडे पडतात. पात्रात गोटे, गोट्यांच्या मधे वाळू, वाळूवर गुरांच्या खुरांचे ठसे. वरच्या उतारावर सालई उघडी पडलेली, सागाच्या वाळक्या पानांचा चुरा वाऱ्यावर. अशात नाल्याच्या एखाद्या वळणावर अंगभर फुललेलं एक झाड समोर येतं. लांबून वाटतं, पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचा थवाच फांद्यांवर उतरला आहे. जवळ गेलं की प्रत्येक फुलातून जांभळट तंतूंचा झुपका बाहेर आलेला दिसतो. हा वायवर्णा. कुणी त्याला भाटवर्णा म्हणतं, कुणी हाडवर्णा. वैद्यांच्या पोथीत तो 'वरुण' आहे.

वनस्पतींचं कोणतंही पुस्तक उघडा, वायवर्ण्याचा पत्ता एकच लिहिलेला असतो: ओढ्यांचे आणि नद्यांचे काठ, ओलसर जागा. म्हणजे झाड पाण्याकाठचं. मग वर्षातले सात-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या नाल्यात, चाळिशी गाठणाऱ्या उन्हात ते फुलतं कशाच्या जोरावर? याचं उत्तर शोधायला झाडाआधी जमीन समजून घ्यावी लागते.

वाळूखालचं पाणथळ

पाणथळ म्हटलं की डोळ्यांपुढे तळं येतं. कमळं, लव्हाळा, बदकं. खानदेशात या चित्राशी जुळणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. जळगावचा मेहरूण तलाव आहे, भुसावळ तालुक्यातल्या हतनूर धरणाचा फुगवटा आहे, तिथे हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. पण हा मुलूख मुळात तळ्यांचा नाही. इथे पाऊस वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. उरलेलं वर्ष ऊन.

१९७१ साली इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली व्याख्या ऐसपैस आहे. पाणी साचलेलं असो की वाहतं, कायमचं असो की हंगामी, जागा पाणथळच. या मापाने पावसाळी नालाही त्यात बसतो. आपल्या देशातल्या २०१७ च्या नियमांनी मात्र नदीपात्रं त्यातून वगळली, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही. महाराष्ट्रात रामसर यादीत नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी अशा जागा आहेत, खानदेशातली एकही नाही. वायवर्ण्याचं घर कागदावर कुठेच पाणथळ म्हणून नोंदलेलं नाही. झाडाला कागद वाचता येत नाही, त्याची मुळं वेगळीच नोंद ठेवतात.

तापी एका खचलेल्या लांबट दरीतून पश्चिमेला वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा. या दरीत लाखो वर्षांचा गाळ साचला आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याचा उतार एकदम संपतो. सुकी, मोर अशा नद्या डोंगरातून वेगाने येतात, सपाटीला लागताच त्यांचा जोर सरतो आणि आणलेले गोटे, खडी, भरड वाळू त्या तिथेच टाकून देतात. पायथ्याला लागून असा दगडगोट्यांचा एक लांब पट्टा तयार झाला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला 'बझाडा' म्हणतात. या पट्ट्यात नदीचं पाणी चाळणीतून गळावं तसं खाली उतरतं. वर नदी आटलेली दिसते, खाली ती चालूच असते. खानदेशची केळी ज्या विहिरी आणि बोअरवेलवर उभी आहे, त्यांतलं बरंचसं पाणी याच वाटेने गेलेलं असतं.

धुळ्याकडे गोष्ट थोडी वेगळी. तिथे खाली काळा बेसाल्ट आहे आणि त्यात लाव्हा घुसून गोठलेल्या उभ्या भिंती आहेत. माळरानावर मैलोन्‌मैल पळणारे काळ्या दगडांचे हे कणे धुळे-नंदुरबारच्या वाटसरूला सतत दिसतात. भूशास्त्रात त्यांना 'डाइक' म्हणतात. अशी भिंत जमिनीखालच्या पाण्याला आडवी आली की पाणी तिच्या वरच्या अंगाला अडून राहतं. निसर्गाने बांधलेला बंधाराच तो, फक्त जमिनीच्या आत.

खानदेशचं पाणथळ असं आहे: नाल्याइतकंच रुंद, नाल्याइतकंच वाकडंतिकडं आणि बहुतेक वर्षभर डोळ्यांआड. ते कुठे आहे हे सांगायला झाडं लागतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने हे नेमकं हेरलं होतं. त्याच्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. जांभूळ, उंबर, करंज यांसारख्या झाडांवरून आणि जवळच्या वारुळांवरून कुठे किती खोल पाणी लागेल याचे आडाखे त्यात दिले आहेत. आजच्या भूजलशास्त्राला त्यातलं सगळं मान्य होणार नाही, पण ज्या झाडाची मुळं भूजलापर्यंत पोहोचतात ते झाड पाण्याची खूण असतं, हे तत्त्व त्यालाही मान्य आहे.

काठावरची उतरंड

नाल्याच्या पात्रातून आडवं चालत काठावर चढलं की दहा-वीस पावलांत झाडांची वस्ती बदलत जाते. पात्रातल्या खडकांच्या फटीत शेरणीची झुडपं. पुराचा लोंढा अंगावरून जाऊ द्यायचा आणि नंतर पुन्हा उभं राहायचं, हे तिला जमतं. डबकं टिकून असेल तिथे पाणकणीस. पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज, म्हणजे आपला देशी विलो. मग अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. वायवर्णा याच रांगेत असतो. आणखी वर गेलं की बाभूळ, मग पळस. डोंगरउतारावर अंजन आणि सालई, ज्यांना नाल्याशी काही देणंघेणं नाही.

काठावर राहणं म्हणजे चैन असं वाटेल, पण तसं नाही. या झाडाला दोन टोकं सोसावी लागतात. पावसाळ्यात मुळं पाण्याखाली जातात. मुळांनाही श्वास लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी. म्हणून कुंडीत पाणी तुंबलं की तुळस सडते. काठावरच्या झाडांना ही कोंडी काही काळ सोसता यावी लागते. त्यात खानदेशातल्या नाल्यांचा एक गुण त्यांच्या कामी येतो. इथला पूर धडधडत येतो आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत ओसरतो. भरड वाळूत पाणी तुंबून राहत नाही, हवा पुन्हा आत शिरते. धरणाच्या फुगवट्यात मात्र पाणी महिनोन्‌महिने उभं असतं. नाल्याकाठचं झाड तिथे आपोआप रुजेल असं समजू नये. पाणी दोन्हीकडे असलं तरी एक वाहणारं आहे आणि एक थांबलेलं.

दुसरं टोक उन्हाळ्याचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. वरच्या मातीत ओलावा नसतो. तेव्हा सगळी भिस्त खोल गेलेल्या मुळांवर.

पळसाला पानं तीन, यालाही तीनच

'पळसाला पानं तीनच' ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तीन पानांचा मान एकट्या पळसाचा नाही. पांगाऱ्याला तीन, बेलाला तीन आणि वायवर्ण्यालाही तीनच. त्यातून बेलाशी त्याची गल्लत फार होते. लक्षात ठेवायच्या खुणा सोप्या आहेत. बेलाला काटे असतात, वायवर्ण्याला नसतात. बेलाच्या त्रिदळातलं मधलं पान लांब देठावर पुढे गेलेलं असतं, वायवर्ण्याची तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून फुटतात. बेलाचं पान उजेडात धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात आणि चुरगळलं की सुवास येतो. वायवर्ण्याचं पान चुरगळलं की उग्र, तिखटसर वास येतो.

झाड मध्यम उंचीचं, साधारण १० ते १५ मीटर, डेरा पसरट. साल राखाडी, कोवळ्या फांद्यांवर पांढुरके ठिपके. हे ठिपके म्हणजे सालीतली श्वासरंध्रं. पानं फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात. हिवाळ्याच्या अखेरीस ती गळतात, आणि फाल्गुन-चैत्रात नवी पालवी आणि फुलं बरोबरच येतात. पळस-पांगाऱ्यासारखं पूर्ण निष्पर्ण फुलणं याच्यात कमी दिसतं. पोपटी पालवीवर पांढरी-पिवळी फुलं, असा त्याचा थाट.

फूल जरा सावकाश पाहावं असं आहे. चार पाकळ्या, प्रत्येकीला खाली बारीक दांडी, त्यामुळे पाकळी चमच्यासारखी दिसते. बहुतेक फुलांच्या कळ्या पाकळ्यांनी घट्ट झाकलेल्या असतात, इथे कळी आधीपासून उघडी. पाकळ्या अजून चिमुकल्या असतानाच पुंकेसर दिसू लागतात. उमललेल्या फुलात पंधरा-वीस लांब पुंकेसर कोळ्याच्या पायांसारखे बाहेर पसरतात. इंग्रजीत याला 'स्पायडर ट्री' म्हणतात ते त्यामुळेच. खरी गंमत मधोमध आहे. बीजांडं धरणारा अंडाशय फुलाच्या तळाशी बसलेला नसतो. तो एका लांब दांडीच्या टोकावर, फुलाबाहेर अधांतरी लोंबतो. पुढे त्याचं फळ होतं तेव्हा ही दांडी जाड होते आणि लिंबाएवढं, कठीण सालीचं, खरखरीत ठिपक्यांचं फळ तिच्या टोकाला झुलत राहतं. आत पिवळसर गर आणि त्यात वाकलेल्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया.

फूल उमलताना पांढरं असतं, मग दुधी, मग पिवळं. एकाच झुपक्यात तिन्ही रंग मिळतात. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते आणि दोन दिवसांत लाल होते, टणटणीची पिवळी फुलं गुलाबी होतात, तशातलाच हा प्रकार. जुनं फूल झाडावर राहिल्याने झुपका लांबून मोठा दिसतो, आणि जवळ आलेल्या किड्याला ताजं कुठलं, शिळं कुठलं हे रंगावरून कळतं.

मोहरीचा भाऊबंद

पानाचा तो तिखट वास ओळखीचा वाटतो, कारण तो खरंच स्वयंपाकघरातला आहे. मोहरी, मुळा, शेवगा, पपई आणि वायवर्णा हे सगळे वनस्पतींच्या एकाच गणातले. यांच्या पेशींत गंधकयुक्त संयुगं साठवलेली असतात आणि त्यांना फोडणारं विकर शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. मोहरीचा अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर झणझणत नाही. दाताखाली आला की कप्पे फुटतात, दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि नाकात झिणझिण्या येतात. पान कुरतडणाऱ्या अळीसाठी झाडाने रचलेला हा सापळा आहे.

पण सापळ्यालाही तोडगा निघतोच. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळाने हे तिखट पचवण्याची युक्ती कमावली आहे. त्यांच्या अळ्यांच्या आतड्यातलं एक प्रथिन ही रासायनिक प्रक्रिया वाटेतच वळवतं आणि विषाऐवजी निरुपद्रवी पदार्थ तयार होतो. इतर किडे जिथे फिरकत नाहीत तिथे यांना जेवणाचं ताट मोकळं. पंखांच्या टोकांवर केशरी पट्टा मिरवणारं मोठं पांढरं फुलपाखरू वायवर्ण्यावर अंडी घालतं, ते याच हिशेबाने. फुललेल्या झाडावर फुलपाखरांचा थवा बसल्याचा भास होतो आणि पानांवर त्यांची पोरं खरोखरच वाढत असतात.

जवळचं कूळ पाहिलं तर आणखी एक मौज दिसते. मराठी वनस्पतिशास्त्रात या कुळाला 'वरुण कुल' असं नाव आहे. यात आषाढी द्वादशीच्या पारण्याला खाल्ली जाणारी वाघाटी येते, आणि रखरखीत माळावर, पानांशिवाय, नुसत्या हिरव्या काड्यांवर जगणारी नेपतीही येते. राजस्थानात हिच्याच फळांना केर म्हणतात. जलदेवतेचं नाव लावणाऱ्या घराण्यातले बरेचसे सदस्य कोरड्या माळरानाचे, काटेरी. धुळे-जळगावात नेपतीचा माळ आणि वायवर्ण्याचा नाला यांच्यात कधी कधी हाकेचंच अंतर असतं.

नावांचा प्रवास

वरुण हे संस्कृत नाव पाण्याशी नातं सांगतं. केरळातल्या लोकांनीही तेच नातं पाहिलं. सतराव्या शतकात व्हॅन ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवला, त्यात हे झाड 'नीरवाल' म्हणून आलं आहे. नीर म्हणजे पाणी. त्यावरूनच पुढे बुकॅनन-हॅमिल्टन याने 'नुर्वाला' हे शास्त्रीय नाव घडवलं, आणि आयुर्वेदाच्या औषधांवर ते अजूनही छापलेलं असतं.

प्रजातीचं नाव 'क्रटेव्हा'. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या पदरी क्रेटेव्हस नावाचा वैद्य होता. औषधी वनस्पतींची चित्रं काढून त्यांची माहिती लिहिणारा. लिनीयसने त्याच्या नावाने ही प्रजाती ओळखली. आपल्याकडच्या झाडाला अनेक वर्षं 'क्रटेव्हा रिलिजिओसा' म्हणत. हे नाव कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरने पॅसिफिक बेटांवरच्या झाडाला दिलेलं होतं. १९६४ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ जेकब्स याने सगळी प्रजाती पुन्हा तपासली, तेव्हा दख्खनच्या झाडाची गणना आफ्रिकेतल्या 'क्रटेव्हा अ‍ॅडन्सोनी'ची उपजाती म्हणून झाली. हा अ‍ॅडन्सन म्हणजे सेनेगलमध्ये राहून काम केलेला फ्रेंच अभ्यासक. आपली गोरखचिंच ज्याच्या नावाने 'अ‍ॅडन्सोनिया' झाली, तोच.

आणि एक नाव खास खानदेशी कानांसाठी. अमेरिका खंडातल्या जातीचं नाव आहे 'क्रटेव्हा टापिया'. ऐकताच तापी आठवते, पण हा निव्वळ योगायोग. ते ब्राझीलमधलं स्थानिक नाव आहे. योगायोगातही एक धागा आहेच. अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानांत वायवर्ण्याचे भाऊबंद पुराच्या पाण्यात उभे असतात, त्यांची फळं पाण्यात गळतात आणि मासे ती खाऊन बिया दूर नेतात. तिथे पूर महिनोन्‌महिने, इथे काही तास. झाडाचा घाट मात्र तोच: तीन पर्णिका, चार पाकळ्या, दांडीवरचं फळ.

पोटासाठी आणि औषधासाठी

कोकणात आणि आदिवासी भागांत वायवर्ण्याच्या कोवळ्या पाल्याची आणि फुलांची भाजी करतात. कडवटपणा काढायला आधी उकळून पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी. फोडणीत मोहरी पडतेच, म्हणजे दोन भाऊबंद एकाच कढईत. लाकूड पिवळसर, मऊ, एकसारख्या पोताचं. ढोलकी, फण्या अशा किरकोळ वस्तूंना चालतं, घराच्या तुळईला नाही. तोडीतून वाचण्याचं तेही एक कारण असावं.

औषधात मान सालीला. सुश्रुताने औषधांचे गण पाडले, त्यांतला एक 'वरुणादि गण' याच्याच नावाने ओळखला जातो. मुतखड्यावर वरुणाची साल हा आयुर्वेदातला जुना उपचार. सालीतल्या 'ल्युपिऑल' या घटकावर प्रयोगशाळेत, प्राण्यांवर अभ्यास झाले आहेत. तेवढ्यावरून खडा दुखायला लागला की नाल्यावर जाऊन साल ओरबाडू नये. खडा केवढा, कुठे अडकला, हे तपासावं लागतं, आणि खोडाची साल गोलाकार सोलली की झाड मरतं.

काठ कुणाच्या हिशेबात?

माणसाने पाणी नेलं तिथे नाल्याकाठासारख्या जागा नव्यानेही तयार झाल्या. पांझरेवरची फड पद्धत हे त्याचं जुनं उदाहरण. नदीवर एकामागून एक बंधारे, त्यांतून उताराने काढलेले मातीचे पाट, गावच्या शेतीचे फड आणि पाणी वाटून देणारा पाटकरी. मातीचा पाट झिरपतो, म्हणून त्याच्या कडेला ओल राहते आणि झाडं उभी राहतात. सिमेंटचं अस्तर दिलं की पाण्याची बचत होते आणि कडा कोरड्या पडतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नाल्यांचंही तसंच. धुळे जिल्ह्यात २००४ नंतर 'शिरपूर पॅटर्न' गाजला. नाले रुंद आणि खोल करायचे, साखळीने बंधारे घालायचे, पाणी जमिनीत मुरवायचं. यावल-रावेरसारख्या, भूजल उपसून दमलेल्या तालुक्यांकडे पाहिलं तर पाणी मुरवण्याला पर्याय नाही हे पटतं, आणि वायवर्ण्यालाही ते हवंच आहे. भूजल मुळांच्या आवाक्याखाली गेलं तर त्याचंही काही खरं नाही. पण आपल्या कामांचा हिशेब खोली आणि घनमीटर यांत होतो. नाला उभ्या भिंतींचा चर झाला की काठ नावाची उतरती जागा संपते, आणि वाळुंज, करंज, वायवर्ण्याची ती वीस पावलांची उतरंड त्याबरोबर जाते. पात्र खोल करतानाही एक बाजू उतरती ठेवता येते, जुनं झाड वळसा घालून वाचवता येतं. गेलेल्या जागी नवंही लावता येतं. वायवर्ण्याची ताजी बी उगवते, मुळांपासून धुमारे फुटतात, फांदीही लागते. फक्त ते रस्त्याच्या दुभाजकात न लावता नाल्याच्या काठावर लावायला हवं.

खोलीकरणाची यंत्रं नाल्यात उतरतात ती उन्हाळ्यात, पात्र कोरडं असतं तेव्हा, चैत्र-वैशाखात. नेमक्या त्याच दिवसांत, होळीपासून अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत), वायवर्णा फुलावर असतो. एरवी पानांच्या गर्दीत बेल समजून आपण पुढे गेलो असतो, पण या दिवसांत तो शंभर पावलांवरूनही ओळखू येतो. वनखात्याची माणसं मोजलेल्या झाडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात. गावातल्या दोन-चार पोरांनी चैत्रातल्या एका सकाळी गेरूचा डबा घेऊन नाल्यातून चक्कर मारली, तर यंत्र येण्याआधी काठावरच्या प्रत्येक वायवर्ण्याला असा पट्टा बसलेला असेल.